पत्रकारिता सोडून पूर्णवेळ लेखक झाल्यावर आयुष्यात नेमकं काय बदलतं?

तुम्ही बारा वर्षं वार्ताहर आहात आणि पुस्तकासाठी नोकरी सोडावी का, असं विचारलंय. माझं जे झालं ते सांगतो. गोव्यातल्या एका मराठी दैनिकात मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सांगे-केपे भागात फिरण्यात.

दर मे महिन्यात माझी एक बातमी ठरलेली असे: कुर्डी गाव पुन्हा दिसू लागलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती, विहिरी, वाटा उघड्या पडतात आणि धरणामुळे वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला परत येतात. अडीचशे शब्द, एक फोटो, सातच्या आत डेस्कवर.

एका वर्षी फोटो काढून निघालो होतो. एक म्हातारी चपला हातात घेऊन भेगाळलेल्या मातीतून आली, एका जोत्यापाशी थांबली, वितीने जागा मोजली आणि म्हणाली, "हांगा आमची चूल आसली, पुता." (इथे आमची चूल होती, बाळा.) मग तिथेच बसून राहिली. मला बातमी द्यायची होती, मी निघालो. रात्री ऐनवेळी जाहिरात आली आणि शेवटचा परिच्छेद कापला गेला. तिचं वाक्य त्यातच होतं. पान लावणाऱ्याचा काही दोष नव्हता, पण मला झोप लागली नाही.

पावसाळा संपल्यावर वालकिणीला तिचं घर शोधून काढलं. "गाव सोडताना कसं वाटलं, आजी?" हा आमचा नेहमीचा प्रश्न. तीन खेपा ती काजूच्या भावाबद्दल आणि रेशनबद्दल बोलली. चौथ्या खेपेला मी सहज विचारलं, घराची कौलं आणली होती का? तेव्हा ती सुरू झाली. उतरवताना किती फुटली, ट्रकात किती, नव्या छपराला किती कमी पडली, सगळं तिला आकड्यानिशी पाठ होतं. त्या दुपारी मला पुस्तक सापडलं. बातमीत चौथी खेप परवडत नाही. लेखकाला तीच मिळते, आणि माझ्या मते खरा बदल तो आहे.

लिहिताना मात्र फार त्रास झाला. महत्त्वाचं सगळं पहिल्या परिच्छेदात सांगून टाकायचा हात बसला होता. पहिला खर्डा चाळीस बातम्यांसारखा वाचला जाई. तो पूर्ण बाजूला ठेवला. उपयोगी पडली ती तारीख तपासायची, नाव दोघांकडून खात्री करून घ्यायची सवय. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक चाळत कित्येक आठवडे गेले.

पैशांचं स्पष्ट सांगतो. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत २५०, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी साडेबारा हजार. बायकोची नोकरी नसती तर हे शक्य नव्हतं. फोनही थांबतात. दिवसाला तीस फोन करणारे लोक महिन्याभरात गप्प होतात, आणि पहिलं वर्ष ते फार लागतं.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. 'गोमन्तक' दैनिकाचे पहिले संपादक बा. द. सातोस्करांनी कादंबऱ्या लिहिल्या, गोमंतकावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. 'राष्ट्रमत' दैनिकाचे संपादक राहिलेले चंद्रकांत केणी कोकणीतले मोठे कथाकार होते. केणींनी तर अग्रलेख आणि कथा दोन्ही सांभाळलं.

म्हणून आज राजीनामा देऊ नका. साठलेली रजा घ्या, पहिला खर्डा पूर्ण करा, मग ठरवा. आणि सोडलीतच नोकरी, तर जुन्या नोंदवह्या ऑफिसच्या कपाटात ठेवून येऊ नका. माझ्या सहा वह्या तशाच रद्दीत गेल्या. कुर्डीच्या पहिल्या पाच वर्षांच्या नोंदी त्यांत होत्या, आणि त्यांतली काही माणसं आता विचारायलाही उरलेली नाहीत.