शर्टाची गुंडी

"मॅडम, हे आयसीयूत होते तेव्हा मी एकदाही रडले नाही. आता घरी आलेत, भिंतीला धरून चालतायत, आणि मला यांचाच राग येतो. मी वाईट बाई आहे का?"

भांडुपच्या एका ताईंचा हा प्रश्न. त्यांच्या संमतीने लिहितेय, ओळखीचे तपशील बदलून. आजाराचं नाव बदलतं, पण हा प्रश्न मी बऱ्याच जणींकडून ऐकलाय.

यांच्या नवऱ्याला जीबीएस, म्हणजे गुलियन-बारे सिंड्रोम झाला होता. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतून सुरू झालेली अशक्तता श्वासापर्यंत चढू शकते. १९ दिवस व्हेंटिलेटर, परळच्या रुग्णालयात एकूण ५२ दिवस. ताईंची रोज सकाळची स्लो लोकल, डबा, आयसीयूबाहेरचा बाक, चिठ्ठी आली की खाली मेडिकलकडे धाव. रडायला सवड कुठे होती? पेशंट घरी आला की तो साठलेला थकवा एकदम अंगावर येतो, आणि पुष्कळदा रागाच्या रूपाने. यात वाईटपणा काहीच नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं.

गाठ मात्र आणखी एक होती. नवऱ्याला त्या दिवसांतलं धड काही आठवत नव्हतं. गुंगीची औषधं, भास, दिवस-रात्रीचा पत्ता नाही. बायको कशाने चिडते, त्यांना कळेना.

ताईंकडे हिशेबाची एक वही होती. इंजेक्शनांचा खर्च, कुणाकडून किती उसने घेतले, आणि मधेच एक ओळ: "आज डाव्या हाताचं बोट हललं." काही देशांत आयसीयूतल्या परिचारिका पेशंटसाठी अशी रोजनिशी लिहितात, निसटलेले दिवस त्याला पुढे सापडावेत म्हणून. मी म्हटलं, ही वही दोघं मिळून वाचा. रोज दोनच पानं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी वाचता वाचता विचारलं, "तू त्या दिवशी जेवलीस कुठे?" ताई तेव्हा पहिल्यांदा रडल्या. खूप वेळ.

दुसरं भांडण शर्टावरून. त्यांना गुंड्या लावायला अर्धा तास लागायचा, ताई मिनिटात लावून मोकळ्या व्हायच्या. फिजिओथेरपिस्ट सांगत होते, त्यांना करू द्या. जीबीएसनंतर ताकद परतायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. ताकद आली तरी थकवा रेंगाळतो, तो आळस नव्हे. पण समोर बसून ती धडपड बघणं फार अवघड असतं. म्हणून मी ताईंना त्या वेळी भाजीला जायला सांगितलं. आठवड्यातून दोन दुपारी नणंदबाई येऊ लागल्या. रात्री फारच जड झालं तर बोलायला टेली मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबरही दिला.

गेल्या महिन्यात दोघं आले. त्यांच्या शर्टाची दुसरी गुंडी तिसऱ्या काजात होती. ताईंनी ती तशीच राहू दिली होती.