मिन्कोव्स्की आकृतीत (सापेक्षता सिद्धांतातला आलेख: अंतर आडवं, काळ उभा) धावत्या निरीक्षकाच्या काळाच्या अक्षावरचं एक सेकंद पट्टीने मोजल्यावर लांब का भरतं? आकृती चुकली का?

नाही, ते लांबच भरायला हवं. कागदावरचं अंतर पायथागोरसने ठरतं, पण अवकाशकाळातल्या (अवकाश आणि काळ मिळून) अंतराचा वर्ग हा काळाचा वर्ग वजा अवकाशातल्या अंतराचा वर्ग असा निघतो. म्हणून ‘एक एकक’ दूर असलेले बिंदू वर्तुळावर नसतात, अपास्तावर (हायपरबोलावर) असतात. स्थिर अक्षांवर १ एकक (१ सेकंद किंवा १ प्रकाश-सेकंद) = ४ सेंमी घ्या, वेग प्रकाशाच्या ०.६ पट. मग धावत्या घड्याळाचा पहिला ठोका ५ सेंमी वर, ३ सेंमी उजवीकडे पडतो: ५² − ३² = ४². पट्टीने मात्र √३४, म्हणजे सुमारे ५.८ सेंमी भरतात. अंतराच्या अक्षावरची पहिली खूण ५ सेंमी उजवीकडे, ३ सेंमी वर. दोन्ही अक्ष सुमारे ३१ अंशांनी ४५ अंशांच्या प्रकाशरेषेकडे झुकतात; एकाच दिशेने फिरवलेत तर प्रकाशाचा वेगच बदलेल. खरी चूक बहुधा एखाद्या घटनेचा काळ आणि अंतर आकृतीवरून वाचताना होते: तिरप्या अक्षांवर लंब टाकू नका, दुसऱ्या अक्षाला समांतर रेषा काढा. लोडेल आकृतीत (दोन्ही निरीक्षकांचे अक्ष सममित काढलेली आकृती) दोन्ही निरीक्षकांची एककं सारखी दिसतात, पण ती सोय दोघांपुरतीच.