सावत्र वडिलांची बाग, जन्मदात्याची पोटगी

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. २०१९ साली परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा त्यांच्याकडे राहिला, आणि वडिलांनी त्याच्यासाठी दरमहा ६,००० रुपये द्यायचे असं हुकूमनाम्यात ठरलं. वडिलांचा मालवणात मासेमारीचा ट्रॉलर आहे. गेल्या वर्षी ताईंनी पुन्हा लग्न केलं. यजमानांची हापूसची बाग आहे, शिवाय दोन खोल्यांचं होमस्टे. तेव्हापासून पैसे बंद, आणि निरोप आला, "आता बागायतदार घोव (नवरा) गावलो मा, तोच पोसूंदे." तिकडे वडिलांचंही दुसरं लग्न झालं आहे, बायको सरकारी रुग्णालयात परिचारिका. ताई विचारतात: त्याचं म्हणणं कायद्याला धरून आहे का? आणि नसेल, तर तिच्या पगाराकडे बोट दाखवून मुलाची रक्कम वाढवून मागता येईल का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. दुसऱ्याचंही नाहीच, पण त्यात एक खाच आहे.

तुमच्या आधीच्या यजमानांना कुणीतरी अर्धवट कायदा सांगितलेला दिसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे घटस्फोटित बायकोला मिळणारी पोटगी तिने दुसरं लग्न केल्यावर कोर्ट बदलू किंवा रद्द करू शकतं. ती बायकोची पोटगी. मुलाचा खर्च कलम २६ खाली येतो, आणि आईच्या लग्नाने वडील बदलत नाहीत. तुमच्या नव्या यजमानांवर या मुलाला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी नाही. ते प्रेमाने शाळेची फी भरत असतील तर तो त्यांचा मोठेपणा, पण त्या मोठेपणाची वजावट जन्मदात्याला मिळत नाही. शिवाय हुकूमनामा कायम असताना त्याने मनाने पैसे थांबवले, हे वेगळंच. परिस्थिती बदलली असं वाटत असेल तर त्याने कोर्टात अर्ज करायचा होता.

इथे एक सावधगिरी. नवे यजमान मुलाला आपलं नाव द्यायला तयार आहेत असं तुम्ही लिहिलंत. नुसतं आडनाव बदलल्याने वडिलांची जबाबदारी संपत नाही. रीतसर दत्तक घेतलं तर मात्र संपते, आणि त्याबरोबर मुलाचे जन्मदात्या घराशी असलेले वारसाचे धागेही तुटतात. दत्तकाला वडिलांची संमती लागते. उद्या ती अगदी हसत हसत मिळाली, तर का मिळाली याचा विचार करा आणि मगच कागद पुढे न्या.

आता परिचारिकाबाईंचा पगार. तो त्यांचा आहे, तुमच्या मुलाच्या रकमेत तो मिळवता येत नाही. पण पोटगी ठरवताना कोर्ट बघतं की देणाऱ्यावर आणखी कोण अवलंबून आहे. "माझा दुसरा संसार आहे, बायको पोसायची आहे" ही तक्रार अशा प्रकरणांत हमखास येते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं, आणि त्यात अवलंबून असलेल्यांचं स्वतःचं उत्पन्नही सांगावं लागतं. सरकारी पगार घेणारी बायको अवलंबून आहे, असं तिथे लिहिता येणार नाही. नव्या बायकोच्या पगाराचा तुम्हाला उपयोग एवढाच: त्याची सबब कापायला.

खरी मेख मला ट्रॉलरमध्ये दिसते. ट्रॉलर अलीकडे नव्या बायकोच्या नावावर केल्याचं तुम्ही "ऐकलंय" म्हणता. ऐकीव गोष्टीवर कोर्ट चालत नाही. नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतो, डिझेल परतावा कुणाच्या खात्यात जातो ते मच्छीमार सोसायटीच्या कागदांत सापडतं. हे कागद हजर करायला लावा असा अर्ज वकील करू शकतात. नाव बायकोचं आणि खलाशांचा हिशेब, बंदरावरची विक्री सगळं त्याच्याच हातात असेल, तर ते उत्पन्न कुणाचं हे न्यायाधीशांना कळतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीचं रडगाणंही येईल. तेव्हा वर्षभराच्या उत्पन्नाची सरासरी काढा असं सांगायचं.

तुमच्या बाजूलाही एक प्रश्न येणार, तो आत्ताच ऐका. होमस्टेचं जेवणखाण तुम्ही बघता आणि पाहुण्यांचे पैसे तुमच्या खात्यावर जमा होतात. म्हणजे कागदावर ती कमाई तुमची. ती लपवू नका, कारण प्रतिज्ञापत्र तुम्हालाही आहे. मुलाची जबाबदारी आई-वडील दोघांची, कमाईच्या प्रमाणात: पद्मजा शर्मा प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालक कमावते असताना मुलांचा खर्च वडील दोन वाटे, आई एक वाटा असा लावला होता. बागेचं उत्पन्न यजमानांचं असेल तर त्यांचं खातं आणि तुमचं खातं आजपासून वेगळं ठेवा. एकाच खात्यात सगळं आलं की समोरचा वकील सगळंच तुमचं म्हणणार.

थकलेल्या रकमेसाठी हुकूमनामा देणाऱ्या कोर्टात वसुलीची दरखास्त करा. वाढीसाठी कलम २६ खाली वेगळा अर्ज. मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता सहावीत आहे. शाळेची फी, रिक्षा, शिकवणी, दवाखाना, सगळ्या पावत्या जोडा. कलम २६ प्रमाणे हुकूमनाम्यानंतरही मुलाच्या खर्चाचा आदेश बदलता येतो. नवी रक्कम साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून आंब्याचा हंगाम संपू दे मग बघू असं करू नका. वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पैसे येत नाहीत म्हणून मुलाची वडिलांशी भेट मात्र थांबवू नका. तो दोन हक्कांचा सौदा होतो आणि कोर्टाला तो आवडत नाही. आणि "तोच पोसूंदे" हा निरोप व्हॉट्सअॅपवर आला असेल, तर तारखेसकट जपून ठेवा. पैसे का थांबवले, ते त्यात त्याने स्वतःच लिहून दिलं आहे.