हॉलमधला छोटा गेमिंग पीसी: १८ हजार जास्त द्यावेत का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. कॉलेजला असताना भरपूर गेम खेळायचो, नंतर नोकरी लग्न यात सगळं सुटलं. आता मुलगा नऊ वर्षांचा झालाय आणि दोघांनी सोफ्यावर बसून खेळावं अशी फार इच्छा आहे. हॉलमध्ये ५५ इंची फोरके टीव्ही आहे. बायकोचं एवढंच म्हणणं की तो रंगीत लाईटवाला मोठा डबा हॉलमध्ये नको. दुकानदाराने दोन कोटेशन दिलीत, मेन पार्ट दोन्हीत सेम, प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. साध्या कॅबिनेटमध्ये ९४ हजार आणि टीव्हीखाली मावेल अशा छोट्या कॅबिनेटमध्ये १ लाख १२ हजार. हे १८ हजार द्यावेत का? की प्लेस्टेशन घेऊ? की स्टीम हे गेमचं ऑनलाईन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम मशीन, म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा गेमिंग पीसी, बाहेरून कुणाकडून तरी मागवू?

उत्तर: दादा, १८ हजार देऊ नका. वहिनींचं म्हणणं चुकीचं आहे असं अजिबात नाही, हॉल त्यांचाही आहे, पण त्याला याच्यापेक्षा स्वस्तात उपाय आहे.

आधी ते १८ हजार जातात कुठे ते बघा. गेम पळवणारे पार्ट दोन्हीकडे तेच आहेत, म्हणजे जास्तीच्या पैशात एक फ्रेमसुद्धा वाढत नाही. पैसे जातात ते मिनी-आयटीएक्स बोर्डात (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, पण छोटा, १७ बाय १७ सेंटिमीटर, रॅमचे स्लॉट दोनच), एसएफएक्स नावाच्या बुटक्या पॉवर सप्लायत, बुटक्या कूलरमध्ये आणि खुद्द कॅबिनेटमध्ये. छोटं करायचे पैसे आहेत हे, आणि छोटं केलं की हवा कमी मिळते, म्हणजे जास्त पैसे देऊन मशीन जास्त गरम, असा हिशोब होतो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. गेल्या उन्हाळ्यात हळदीचा व्यापार चालतो त्या मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या एका मित्राने बोलावलं, म्हणाला गेम पंधरा मिनिटं नीट चालतो आणि मग अडकायला लागतो. पीसी टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, पुढे सरकती काच, मागे फक्त वायरीपुरतं भोक. ग्राफिक्स कार्डचं टेम्परेचर ८७ दाखवत होतं आणि पंख्याचा आवाज मिक्सरसारखा. फक्त काच सरकवली आणि मशीन चार बोटं पुढे ओढलं, दहा मिनिटांत ७४ वर आलं. मग हवा आत घेणारी जाळी काढली तर तिच्यावर पिवळी साय धरल्यासारखी धूळ, हळदीची. बोटाने निघेना, जुन्या टूथब्रशने घासून काढली. विश्रामबागला हळद उडत नसेल पण आपल्याकडची धूळ आणि एप्रिल-मेचं ऊन आहेच ना, आणि छोट्या डब्यात पंखा कार्डाला इतका चिकटून असतो की जाळी जरा चोंदली तरी लगेच फरक पडतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये तीच धूळ दोन-तीन महिने निभावून जाते.

दुसरी गोष्ट रिपेअरची, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. माझा स्वतःचा छोटा पीसी होता, मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट चार वेळा गेली-आली आणि पॉवर सप्लाय उडाला. एसएफएक्स सांगलीत विचारला, मिरजेत विचारला, कुणाकडे नाही, शेवटी पुण्याहून मागवला आणि हातात यायला नऊ दिवस लागले. तोवर मोठा साधा सप्लाय उसना आणून डब्याबाहेर टेबलावर ठेवला आणि झाकण उघडं टाकून वायरी आत सोडून चालवलं. घरात लहान मूल असताना हे करायचं नाही. साधा सप्लाय आपल्याकडे कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात त्याच दिवशी मिळतो.

आता उपाय. दुकानदाराला मायक्रो-एटीएक्स, म्हणजे मधल्या साईजचं कॅबिनेट दाखवायला सांगा, काळं, काच नसलेलं, लाईट नसलेलं. त्यातला बोर्ड २४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, सगळे पार्ट साधेच बसतात आणि रक्कम ९४ हजारांच्या जवळपासच राहील. ते टीव्ही युनिटच्या आत नाही, बाजूला उभं करा, भिंतीपासून वीतभर सोडून. जायच्या आधी युनिटच्या बाजूची जागा टेपने मोजा आणि वहिनींना दुकानात सोबत न्या, रिकामं कॅबिनेट प्रत्यक्ष बघितलं की अर्धा वाद तिथेच मिटतो.

वाचलेल्या पैशातून १००० व्हीएच्या वरचा यूपीएस घ्या. ६०० चा चालत नाही, खेळताना पीसी आणि टीव्ही मिळून तो ओव्हरलोड होतो. दोन वायरलेस कंट्रोलर घ्या. तरी पैसे उरले तर एसएसडी मोठी करा, कारण हल्ली एकेक गेम १०० जीबी खातो. रॅम मात्र आत्ता १६ च राहू द्या, २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरमुळे रॅमचे भाव भडकलेत, आणि हा बोर्ड एएम५ चा (प्रोसेसर बसायच्या सॉकेटचं नाव) असल्याने पुढे रॅम आणि प्रोसेसर दोन्ही वाढवता येतील. फक्त १६ ची एकच कांडी घालून देतायत का ते विचारा, ८-८ च्या दोन घातल्या तर स्पीड चांगला मिळतो.

५५ इंची टीव्हीवर फोरकेची अपेक्षा पण जरा समजून ठेवा. फोरके म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सल, आणि ५०६० ला मेमरी ८ जीबी. म्हणून जड गेम १४४० वर (फुल एचडी आणि फोरकेच्या मधलं) ठेवून डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सलचं चित्र एआयने मोठं करायची कार्डातली सोय, चालू करा, आठ-दहा फुटांवरून सोफ्यावर बसल्यावर फरक फारसा कळत नाही. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड नक्की चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि पोरगं वैतागतं.

प्लेस्टेशनचं विचारलंत. जुनं स्टीम अकाउंट आहे का तुमचं? कॉलेजात घेतलेले गेम त्यात असतील तर ते आजही तुमचेच आहेत, पीसी घ्या. नसतील आणि फक्त बापलेकांनी संध्याकाळी तासभर खेळायचं असेल तर मी मनापासून सांगतो प्लेस्टेशन घ्या. पीएस५ स्लिम भारतात एप्रिल २०२४ ला आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० ला होतं, आजचा भाव विचारून घ्या. कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्हीसकट चालू होतं, विंडोज अपडेट मध्ये येत नाही. गेम मात्र महाग, नवे मोठे पाच हजारांच्या घरात, आणि विकत घेतलेले गेम ऑनलाईन खेळायला वर्गणी वेगळी. पीसीवर ती लागत नाही आणि स्टीमच्या उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये जुने चांगले गेम फार स्वस्तात मिळतात.

स्टीम मशीन चांगलं आहे हो, सगळ्या बाजूंनी साधारण १६ सेंटिमीटरचा ठोकळा, सहा कोरचा प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स, पॉवर सप्लाय आतच. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं तेव्हा देशांच्या यादीत भारत नव्हता, बाहेरून मागवलंत तर वॉरंटीसाठी जाणार कुणाकडे? शिवाय ते लिनक्सवर चालतं, व्हॅलोरंट आणि फोर्टनाईट त्यावर चालत नाहीत. मुलगा दोन-तीन वर्षांत यातलं एक तरी मागणार.

छोटा पीसी कुणी घ्यावा मग? वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याने, दर सुट्टीत सामान घेऊन गावी जाणाऱ्याने, किंवा नदीकाठी तळमजल्यावर घर असणाऱ्याने. गावभागात २०१९ च्या पुरात लोकांनी सामान कसं वर नेलं ते मी बघितलंय, एका पिशवीत मावणारी वस्तू तेव्हा वाचते. अशांना १८ हजार जड वाटू नयेत.

प्रश्न: दादा मी कराडला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, बजेट २५ हजार. ऑफिसमधले जुने छोटे पीसी सेकंडहँड मिळतात, त्यात ग्राफिक्स कार्ड टाकून रूमवरच्या टीव्हीला जोडलं तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण कुठला डबा घेतोयस ते बघ. पुस्तकाएवढे जे चपटे असतात त्यात कार्डाला जागाच नसते, ते घेऊ नकोस. त्याच्या वरच्या साईजचा, आडवा ठेवतात तो घे, त्यात बुटकं कार्ड बसतं. पॉवर सप्लायला वेगळी वायर नसते म्हणून स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागणारंच कार्ड हवं, बुटकं जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं. नवं ३०५० बजेट खाऊन टाकेल, १६५० सेकंडहँड बघ. घ्यायच्या आधी दुकानातच अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांग, आणि झाकण उघडून स्लॉटची उंची स्वतः बघ, फोटोवर विश्वास ठेवू नकोस.