स्वतःच्या कामाची जाहिरात करायची लाज वाटते, काम नसलं की हातही चालत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलं आहे की नोकरी सोडून दीड वर्ष झालं, घरूनच सुलेखनाची कामं घेता, दारावरच्या पाट्या आणि लग्नपत्रिका करता. काम असलं की सगळं नीट चालतं. नसलं की ब्रश हातात धरवत नाही, आणि चार लोकांना स्वतःबद्दल सांगायचं म्हटलं की जीव कसानुसा होतो.

मी कोल्हापुरात अठरा वर्षं पाट्या रंगवतो. आधी लाजेबद्दल बोलतो, कारण माझ्या अनुभवात बाकीच्या बऱ्याच अडचणी तिच्या मागून येतात.

ज्या काकांच्या हाताखाली मी शिकलो, ते पाटी पुरी झाली की सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचे आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि पेठ लिहायचे. ट्रकच्या फाळक्यावर, शाळेच्या भिंतीवर, पतसंस्थेच्या बोर्डावर, सगळीकडे. मी माझी पहिली पाटी नाव न टाकताच दिली. मला वाटलं, आपण कोण मोठे लागून गेलो. काका रागावले. म्हणाले, "रंग उडाला तर त्या माणसानं कुणाला शोधायचं?" तोवर मी त्या सहीकडे मिरवणं म्हणून बघत होतो. काकांच्या लेखी ती जबाबदारी होती. त्या दिवसानंतर मला नाव लिहायची लाज कधी वाटली नाही.

आमच्याच गावच्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे, मग सिनेमाची पोस्टरं असं काम त्यांनी इतकं केलं, की लोकांनी धंदाच आडनाव करून टाकला. स्वतःच्या कामाला स्वतःचं नाव लावण्यात कमीपणा नाही, हे आम्ही त्यांच्याकडे बघून मानतो.

तुम्ही पाटी करता तेव्हा मागच्या बाजूला नाव आणि फोन लिहिता का? पत्रिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी लहान अक्षरात, 'अक्षरलेखन' म्हणून तुमचं नाव असतं का? गिऱ्हाइकाला आधी विचारा, बहुतेक लोक हो म्हणतात. एखादा नको म्हणाला तर वाद घालू नका. मोबाइलवर काम टाकतानाही माझ्याबद्दल काय लिहू, असा विचार करू नका. कच्चं रेखाटन टाका, शिरोरेघ दोनदा का खोडावी लागली ते लिहा. लोकांना घडताना बघायला आवडतं, आणि तुम्हाला स्वतःची स्तुती करावी लागत नाही.

पण नुसतं टाकून वाट बघू नका, दारात जायला हवं. माझं एक उदाहरण सांगतो. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात, अशी दुरुस्ती राज्याच्या कायद्यात 2022 मध्ये झाली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि आमच्याकडेही त्याची चर्चा सुरू झाली. बरेच जण फ्लेक्सवाल्याकडून मिळेल तो फॉन्ट लावून मोकळे होत होते. रफार एकीकडे, वेलांटी भलतीकडे. मी राजारामपुरीतल्या अशा अकरा पाट्यांचे फोटो काढले, घरी बसून प्रत्येक नाव कागदावर नव्यानं लिहिलं आणि ते कागद घेऊन दुकानदारांकडे गेलो. "काम द्या" म्हणालो नाही. "तुमचं नाव असं दिसू शकतं" एवढंच म्हणालो. तिघांनी काम दिलं. एकानं कागद ठेवून घेतला आणि सात महिन्यांनी फोन केला. बाकीच्या सात जणांनी चहा पाजला किंवा नाही म्हटलं, त्यानं माझं काही बिघडलं नाही.

वेळ मात्र सांभाळा. सकाळी भवानी व्हायच्या आधी कुणाच्या दुकानात जाऊ नका, आणि संध्याकाळच्या गर्दीतही नको. दुपारी तीनच्या सुमारास माणूस निवांत असतो.

आता हात न चालण्याबद्दल. आपल्या धंद्याला पंचांग आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आला की नवी दुकानं उघडतात आणि पाटी कालच हवी असते. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात. पितृपक्षात मात्र पंधरा दिवस कुणी नवं काही काढत नाही. सुरुवातीची चार-पाच वर्षं त्या पंधरवड्यात मला वाटायचं की आपण संपलो. मग काकांनी सांगितलं, हे दिवस वहीचे. तेव्हापासून पितृपक्षात मी रोज एक जोडाक्षर घेतो. ह्म, द्ध, ष्ट, श्र. तेच अक्षर जाड ब्रशनं, बारीक ब्रशनं, बोरूनं, तीस-चाळीस वेळा. पहिली दहा ओळखीचीच येतात, नवं काही असेल तर ते त्यानंतर येतं. 'सुचत नाही' हे माझ्या बाबतीत बहुतेक वेळा पहिल्या दहातच थांबल्यामुळे झालेलं आहे. कमल शेडगे यांनी लिहिलेली नाटकांची शीर्षकं मिळतील तिथून जमवा आणि समोर ठेवा. नाटकाचा स्वभाव अक्षरात कसा उतरतो ते बघा. नक्कल करू नका, फक्त ते अक्षर तसंच का वळलं असेल हे शोधा. माझे कितीतरी रिकामे दिवस त्यात भरून निघालेत.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. उमेद जाण्यामागे कधी कधी फक्त अडकलेले पैसे असतात. एका मोठ्या गिऱ्हाइकानं माझे पैसे आठ महिने दिले नव्हते, आणि त्या काळात मला वाटत होतं की माझी कलाच आटली. पैसे आले त्या आठवड्यात हात सुटला. म्हणून निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय रेघ मारू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत होते. तुमच्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे कंपनीनं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज लागतं, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा सांगतो. बिलाच्या खाली ही ओळ लिहायला लागल्यापासून माझी बिलं लवकर सुटतात.

तुमच्या घराच्या दारावर कुणाच्या अक्षरातली पाटी आहे? दुकानातून आणलेली असेल तर ती या आठवड्यात उतरवा आणि स्वतः लिहा. दूधवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरचे पाहुणे, सगळे ती येता-जाता वाचतात. आणि उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात बारीक ब्रशनं, सही करा.