मुलांच्या घोडेस्वारी स्पर्धांचे मान्यताप्राप्त परीक्षक कसे व्हावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या आहात, पशुवैद्यकाची पदवी नुकतीच हाती आली आहे, घरी आजोबांपासून घोडे आहेत आणि शाळकरी मुलांच्या अश्वारोहण स्पर्धांसाठी परीक्षक व्हायचे आहे. तर सुरुवात कोठून करावी आणि घरचा अनुभव कितपत उपयोगी पडेल? मी परभणीचा आहे. गेली अकरा वर्षे अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांचे उत्तर अनुभवाच्या आधारे देतो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण मराठवाड्यातल्या उमेदवाराची खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे घोडा पाहण्याची नजर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तयार होते. लहानपणी वडिलांचे बोट धरून बाजारात फिरताना आपण छातीवरचा देवमण नावाचा शुभ भोवरा, आतल्या बाजूला वळून टोकाशी भिडणारे कान, पंचकल्याणीचे चार पांढरे पाय आणि कपाळावरचा पांढरा पट्टा हे सगळे पाहायला शिकतो. ही नजर खोटी नाही, पण ती खरेदीदाराची नजर आहे. मुलांच्या स्पर्धेत घोड्याची किंमत ठरवायची नसते. त्या मुलाने त्या दिवशी, मिळालेल्या घोड्यावर, कशी स्वारी केली हे ठरवायचे असते. पांढरा शुभ्र नुकरा रिंगणात आला की मन आपोआप अर्धा गुण वाढवते. हे स्वतःच्या बाबतीत ओळखायला मला दोन वर्षे लागली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण चालीचे आहे. रवाल, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने टाकत, चालणारा घोडा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिला जातो, स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही असे सांगून तो विकला जातो. ड्रेसाजच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचाली घोड्याकडून करवून घेण्याच्या प्रकाराच्या, रिंगणात मात्र साधी चाल चार स्पष्ट ठोक्यांचीच असावी लागते. एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ बरोबर उचलले जाऊ लागले की तो गंभीर दोष मानला जातो. दुडकी दोन ठोक्यांची, त्यात कर्णरेषेतले पाय जोडीने पडतात. कँटर, म्हणजे मंद दौड, तीन ठोक्यांचा. हे ठोके डोळे मिटून, केवळ टापांच्या आवाजावरून ओळखता येईपर्यंत सराव करा. तुमच्या घरी घोडे आहेत, हा सराव उद्या सकाळीही सुरू होऊ शकतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. परीक्षक झाल्यावर तिसऱ्या वर्षी एका शालेय स्पर्धेत बारा-तेरा वर्षांची मुलगी कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडीवर आली. घोडी माळेगावच्या बाजारातली होती, मुलीच्या आजोबांनी रवाल चालीसाठीच घेतलेली. चालीला मी दहापैकी पाच गुण दिले. स्पर्धा संपल्यावर ती मुलगी गुणपत्रिका दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चालीला पाच का दिलेत?" तिने बोट ठेवलेल्या ओळीत शेऱ्याचा रकाना कोरा होता. चाल बिघडली एवढेच मला आठवत होते. मैदानाच्या कडेला लावलेल्या कोणत्या अक्षरापाशी बिघडली, किती पावले बिघडली, हे सांगता येईना. खरे कारण मला त्या रात्री उमगले. तिने लगाम आखडून धरला होता, घोडीला मान पुढे घ्यायला जागाच नव्हती आणि ताणाखाली ती रवालीवर गेली होती. "हात थोडा पुढे दे, मान लांबू दे" एवढे शब्द त्या रकान्यात असते तर मुलीला घरी जाऊन करायला काही मिळाले असते. गुण पाचच राहिले असते, पण त्यांना अर्थ आला असता. तेव्हापासून सहाच्या खालचा एकही गुण मी कारणाशिवाय देत नाही.

म्हणून पात्रतेच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणून मी लेखनिकाचे काम सुचवतो. ड्रेसाजमध्ये परीक्षक बोलतो आणि शेजारी बसलेला लेखनिक गुण व शेरा लिहून घेतो. शून्य म्हणजे हालचाल झालीच नाही, चार म्हणजे अपुरी, सहा समाधानकारक, आठ चांगली आणि दहा उत्कृष्ट. या पट्टीवर अनुभवी माणूस क्षणात कसा निर्णय घेतो ते त्याच्या तोंडून ऐकण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. ड्रेसाजचे मैदान २० बाय ६० मीटरचे, नवशिक्यांसाठी २० बाय ४० मीटरचे असते आणि मुख्य परीक्षक आखूड बाजूच्या मध्यावर, सी या अक्षरापाशी बसतो. तिथून समोरून येणारा घोडा सरळ येतो की नाही हे उत्तम दिसते, पण मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतो का, हे बाजूला बसलेल्यालाच नीट दिसते. जे दिसलेच नाही त्याला गुण देऊ नयेत, हेही तिथेच शिकता येते.

त्यानंतरची रीत साधारण अशी आहे. देशातल्या स्पर्धांचे नियम व परीक्षकांची मान्यता भारतीय अश्वारोहण महासंघाकडे आहे, तर जागतिक पातळीवर १९२१ साली स्थापन झालेली आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय संघटना हे काम पाहते. महासंघाच्या प्रशिक्षण वर्गांची परिपत्रके मागवा, ड्रेसाज किंवा अडथळा-उड्या यांपैकी एकच प्रकार निवडा, नियमपुस्तक पाठ होईपर्यंत वाचा, वर्गाला बसा, अनुभवी परीक्षकाशेजारी बसून स्वतंत्र गुण देण्याचा सराव करा, मग लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्या. यासाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या चुकत नाहीत, त्या प्रवासाची तयारी घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

उड्यांच्या प्रकारात हिशोब अधिक सरळ आहे. अडथळ्याचा दांडा पडला की चार दंडगुण, घोड्याने पहिल्यांदा नकार दिला की चार. पण मुलांच्या बाबतीत परीक्षकाचे मोठे काम घंटेचे आहे. शिरस्त्राणाचा पट्टा सुटला, रिकिबीत पाय अडकला, घोडा आवरेनासा झाला, तर वेळ न दवडता घंटा वाजवून स्वाराला थांबवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि प्रेक्षकांत बसलेले पालक काहीही म्हणोत, तो वापरायला कचरू नये.

तुमची पदवी इथे फार उपयोगी आहे. लंगडणारा पाय, तोंडाच्या कडेला दिसणारे रक्त, घट्ट खोगिराने सोललेली पाठ हे तुमच्या डोळ्यांना इतरांआधी दिसेल. मात्र एकाच स्पर्धेत पशुवैद्य आणि परीक्षक अशा दोन्ही खुर्च्या स्वीकारू नका. स्थानिक आयोजक तशी गळ घालतील, कारण माणसे कमी असतात. तसेच आपला मुलूख पाव्हण्यारावळ्यांचा आहे. भाच्याचा घोडा, मावसभावाची विद्यार्थिनी, स्वतः उपचार केलेली घोडी त्या गटात असेल तर आयोजकांना आधी लेखी कळवून त्या गटातून बाजूला व्हा.

घरी करता येण्यासारखा आणखी एक सराव सांगतो. अमेरिकेत ४-एच नावाची ग्रामीण युवा चळवळ आहे. तिच्या परीक्षण स्पर्धांत मुलांसमोर चार घोडे उभे करतात, मुलांनी त्यांचा क्रम लावायचा आणि मग प्रत्येक जोडीत एकाला वर का ठेवले ते परीक्षकासमोर दोन मिनिटांत तोंडी सांगायचे. माळेगावला गेलात की कोणत्याही राहुटीपुढचे चार घोडे निवडा, रंग आणि भोवरे सोडून केवळ बांधा व चाल पाहून क्रम लावा आणि कारणे मोबाइलवर बोलून ठेवा. आठवड्याने ऐकलेत की आपली कारणे कुठे पोकळ आहेत ते लगेच कळते.

शेवटी पैशांविषयी, कारण ते तुम्ही विचारले नसले तरी घरचे विचारतील. मानधनावर घर चालत नाही. बहुतेक ठिकाणी प्रवासखर्च, राहण्याची सोय आणि थोडीशी रक्कम मिळते. दवाखाना किंवा नोकरी चालू ठेवून, हिवाळ्यातले शनिवार-रविवार यासाठी राखून ठेवता आले तर तीन-चार हंगामांत तुमचे नाव आयोजकांच्या यादीत येऊ शकेल.