जुळणी उत्तम, तरी त्रिज्या आणि वाहकता दर वेळी वेगळी का निघते?

आपली अडचण मी अशी समजलो : जमिनीवर एका रेषेत कॉइल ठेवून, एकाच कमी वारंवारतेवर, पुरलेल्या धातुखनिजातील प्रेरित प्रवाहांमुळे निर्माण होणारे दुय्यम चुंबकीय क्षेत्र आपण मोजले आणि खनिज गोलाकार मानून लेव्हेनबर्ग-मार्क्वार्ट पद्धत (आरंभीच्या अंदाजापासून मोजलेल्या व गणिती आकड्यांची जुळणी टप्प्याटप्प्याने सुधारणारी) चालवली. मध्याची जागा व खोली स्थिर येते, त्रिज्या आणि वाहकता मात्र आरंभीचा अंदाज बदलताच बदलतात.

आपल्या प्रोग्रॅममध्ये दोष दिसत नाही. पाणी मुरते आहे ते भौतिकीत. कमी वारंवारतेवर गोलाचा प्रतिसाद वाहकता आणि त्रिज्येचा पाचवा घात यांच्या गुणाकारावर ठरतो. त्यामुळे त्रिज्या २० मीटरऐवजी ४० मीटर धरून वाहकता ३२ पटींनी घटवली, तरी मोजमापे जवळजवळ तीच राहतात. दोन्ही अज्ञातांचे लॉगॅरिदम घ्या आणि जेकोबियनची, म्हणजे प्रत्येक अज्ञात किंचित बदलल्यास मोजमापे किती बदलतात या तक्त्याची, सिंग्युलर मूल्ये काढा; मूल्य जितके लहान, तितका त्याच्या सदिशाच्या दिशेने केलेला बदल मोजमापांत कमी दिसतो. सर्वांत लहान मूल्याच्या सदिशात त्रिज्या आणि वाहकता यांचे घटक १ आणि उणे ५ या प्रमाणात दिसले, तर निदान पक्के समजावे. तिखोनोव्ह नियमन (उत्तर आधीच्या अंदाजापासून फार दूर जाऊ न देणारी अट) लावल्यास एकच उत्तर मिळेल हे खरे, परंतु ते आपल्याच गृहीतकाचे उत्तर असेल.

खरा उपाय म्हणजे अनेक वारंवारतांवर मोजणे. वारंवारता पुरेशी वाढली की प्रेरित प्रवाह गोलाच्या पृष्ठभागालगत एकवटतात, प्रतिसाद त्रिज्येच्या घनावर ठरतो आणि वाहकता त्यातून जवळपास बाद होते. अर्थात, वर जाण्यालाही मर्यादा आहे : १०० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत १००० हर्ट्झला भेदनखोली (क्षेत्र जमिनीत साधारण जिथवर पोचते ती खोली) सुमारे १६० मीटर असते, तर एक लाख हर्ट्झला जेमतेम १६. जुळणी करताना मोजलेल्या व गणिती आकड्यातील प्रत्येक फरकाला त्या-त्या मोजमापाच्या अनिश्चिततेने भागायला विसरू नका. जुळणी अनिश्चिततेपेक्षाही फार चांगली आली, तर आपण गोंगाटच जुळवत आहात.

आणि एवढे करूनही सापडतो तो विद्युतवाहक. तो खनिज असेलच असे नाही. कॅनडातील टिमिन्सजवळच्या किड क्रीक येथे १९५९ मध्ये विमानातून विद्युतचुंबकीय विसंगती (भोवतालपेक्षा वेगळा प्रतिसाद) नोंदली गेली, पण तिथे तांबे आणि जस्त असल्याचे नोव्हेंबर १९६३ मधल्या पहिल्या ड्रिलिंगनंतरच कळले. त्या सर्वेक्षणात अशा विसंगती शेकड्यांनी होत्या, आणि अशा खडकांत ग्रॅफाइट, तोही विद्युतवाहक असल्याने, नेहमीचा ठकसेन असतो. म्हणून ड्रिलिंगआधी त्याच रेषेवर गुरुत्वमापन करून घ्यावे, कारण सल्फाइड खनिजे भोवतालच्या खडकापेक्षा जड असतात आणि ग्रॅफाइट हलके.